पैऱ्याला गेलेली जहाजं

मी आणि माझी सून मिळून आकाशात राज्य करतो. हे मी देवळात सांगितलं तेव्हा दोघी-तिघी बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. ऑपरेशन गुडघ्याचं झालं की डोक्याचं, असं त्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं. पण खरंच करतो. रोज दुपारी अडीच ते साडेचार, सुनेच्या खोलीत, पंखा तीनवर ठेवून.

त्याला कारण झाली एक खुर्ची. ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांनी सांगितलं, खाली बसायचं नाही, उंच आणि हातांच्या खुर्चीत बसायचं. आमच्या घरात तसली खुर्ची एकच, ती सुनेच्या कॉम्प्युटरच्या टेबलाशेजारी. सून सकाळी कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते, एकला घरी येते, जेवते आणि मग आपल्या खोलीत जाते. लग्नाला तीन वर्षं झाली होती, पण आमचं बोलणं म्हणजे 'जेवलीस का' आणि 'कुकर लावू का' एवढंच. भांडण नव्हतं हो. भांडायला सुद्धा थोडी ओळख लागते की!

तर मी त्या खुर्चीत बसून शेंगा फोडायला लागले. समोर तिच्या स्क्रीनवर काळंभोर आभाळ आणि त्यात ठिपके. चार दिवस मी गप्प बसले, म्हणजे माझ्या मानानं फारच झालं. पाचव्या दिवशी विचारलं, "हे काय ग?"

"हे माझं राज्य, आत्ती."

माझं माहेर कुरुंदवाडचं. तिकडं कानडीची हवा, म्हणून सासूला आत्ती म्हणतात. सून मुरगूडची, पण तिनं आमच्या घरात आल्यावर ते उचललं.

मग तिनं मला समजावलं. प्रत्येक ठिपका म्हणजे एक गाव धरायचं. काही गावं आपली, काही शेजारच्या राज्यांची. आपल्या गावांना धान्य पुरवायचं, लोक खूश आहेत का रुसलेत ते बघायचं, जहाजं बांधायची, शेजाऱ्याशी गोड राहायचं नाहीतर लढायचं. मला वाटलं होतं नुसती ठोकाठोकी असेल. ही तर घराची न् शेताची उस्तवार! एका गावाला पाणी दिलं की दुसरं रुसतंय, दुसऱ्याची समजूत काढली की तिसरं. म्हटलं, "अग, हे मला येतंय की. चाळीस वर्षं हेच केलंय."

त्या दिवसापासून डोकं माझं आणि हात तिचा. खेळ सगळा इंग्रजीत, आणि मी चौथीतनं शाळा सोडलेली. मराठी वाचायला पुढं आपलं आपण शिकले, वाण्याच्या पुडीच्या कागदावरनं. इंग्रजी मात्र आकड्यांच्या पुढं गेलं नाही. म्हणून ती वाचून सांगायची आणि मी हुकूम सोडायची. गावांना नावं मी दिली. राजधानी अर्थातच कुरुंदवाड. सासरचं म्हणून एक हातकणंगले. एका लांबच्या लाल ठिपक्याला तिनं मुरगूड नाव दिलं, आणि सगळ्या राज्यात उठाव व्हायचा तो नेमका मुरगुडात.

"तुझ्या माहेरची माणसंच तसली," मी म्हणायची.

"राजधानीतनं धान्य न्हाय आलं की लोक उठणारच की. कुरुंदवाडकर आधी आपलं ताट भरत्यात," ती म्हणायची.

अशानं आमची ओळख झाली. वर्षभरात त्या आभाळात ठिपका म्हणून राहिला नाही. सगळं कुरुंदवाडच्या ताब्यात. आणि तिथंच पंचाईत झाली, कारण खेळ संपला.

तेवढ्यात कळलं, खेळाचा दुसरा भाग आलाय. मला उसाला पाणी आल्यासारखं झालं. पण सून म्हणाली, "आत्ती, लोक नावं ठेवायला लागल्यात त्याला. मला क्लासवाले दुपारची बॅच घ्या म्हणून कधीचं मागं लागल्यात. अडीच ते साडेचार. गेम बरा निघाला तर ठीक. न्हायतर देते परत आणि बॅच घेते. रिकामं बसून तरी काय करायचं?"

बोलली ती सरळ मनानं. पण माझ्या हातातली शेंग हातातच राहिली. अडीच ते साडेचार ही माझीच वेळ होती ना. खुर्ची मला राहिली असती, तिच्यापुढं माणूस नसता.

त्या खेळाचा एक नियम होता. विकत घेतल्यावर दोन तासांच्या आत खेळून बघायचा, पसंत नसेल तर परत करायचा. दोन तासांच्या वर एक मिनिट झालं की गळ्यात. दुकानात साडी अंगावर टाकून बघतात, तसं.

पहिल्या दिवशी तिनं आधी लोकांची मतं वाचून दाखवली. खेळणारे जगभरचे, आणि प्रत्येकाला तोंड फुटलेलं. एकाचं म्हणणं, पहिला भाग तो पहिला भाग, त्याची सर याला नाही. एकजण म्हणत होता, एक खिडकी उघडली की आतनं दुसरी खिडकी, दुसरीतनं तिसरी, राज्य करायचं का खिडक्या पुसायच्या? एकाची तक्रार अशी की यात कारभारी नेमता येतात आणि ते आपल्याला न विचारता सगळं उरकतात, मग राजानं काय नुसता चहा प्यायचा? एक शहाणा म्हणाला, आंबा अजून कच्चा आहे, सहा महिने अढीत ठेवा. म्हणजे त्यानं वेगळं काहीतरी म्हटलं असणार, आंबा मी घातला. एकीला मात्र फार आवडला होता. तिनं लिहिलं होतं, किती दिवसांनी डोक्याला खुराक मिळाला.

आणि एका बाबानं चार पानं भरून शिव्या घातल्या होत्या. त्याच्या नावाशेजारी तो किती तास खेळला ते लिहिलेलं. चारशे तास!

"चारशे तास खेळला आणि आवडला न्हाय म्हणतोय?" मी म्हटलं. "हे म्हणजे लग्नात चार वेळा बासुंदी वाढून घ्यायची आणि हात धुताना म्हणायचं, साखर जरा कमीच होती."

सून खूप हसली. मग तिनं फोनवर दोन तासांचा वेळ लावला, फोन टेबलावर उभा केला आणि खेळ सुरू केला.

मी मनाशी ठरवून बसले होते, आज नाव ठेवायचं नाही. आभाळ दिसलं, म्हटलं, "काय सुरेख रंग हाय!" खिडकी उघडली, म्हटलं, "छान." तिच्यातनं दुसरी उघडली, म्हटलं, "ही तर जास्तच छान." खरं सांगायचं तर मला काडीचं कळत नव्हतं. बारीक बारीक आकडे सगळीकडं, मुंग्या सांडल्यागत. कारभाऱ्यानं परस्पर हातकणंगल्याचं धान्य उचलून दुसरीकडं दिलं, तरी मी म्हटलं, "हुशार दिसतोय माणूस." एरवी मी त्याला बांधावर उभा करून सोलला असता.

असा दीड तास गेला. मग आमच्या शेजारच्या राज्यावर दरोडा पडला.

हे शेजारी दिसायला वटवाघळासारखे, पण शेजारी ते शेजारी. त्यांच्या एका लहान गावाला लुटारूंनी घेरलेलं दिसत होतं. मी म्हटलं, "आपली चार जहाजं पाठव."

"त्यांनी बोलावलं न्हाय, आत्ती."

"पैऱ्याला कुणी बोलवत असतंय व्हय?"

पैरा म्हणजे काय ते सांगते, कारण शहरात वाढलेल्यांना ते माहीत नसतं. आमच्या सासरी रानात तण माजलं की खुरप्यानं भांगलायला बायका लागायच्या. मजुरीची बाई कुणी लावायचं नाही. आज आम्ही सगळ्या तुझ्या रानात, उद्या सगळ्या माझ्या. आणि बोलावणं नसायचं. शेजारणीचं रान गवतानं भरलेलं दिसलं की आपलं खुरपं आणि आपली भाकरी घेऊन सरळ सरीत शिरायचं. ती म्हणायची, "आलीस व्हय बाई?" तेवढंच आमंत्रण. दिलेला दिवस फिरून परत यायचाच. पहिल्या भागात मी हाच धर्म पाळला होता. गोगलगायीसारख्या दिसणाऱ्या शेजाऱ्यांना दोनदा जहाजं पाठवली, तर त्यांनी पुढं मुरगूडच्या उठावात आपली जहाजं धाडली होती. सुनेला पण पटलं होतं, पैरा आभाळात चालतो.

तर तिनं चार जहाजं पाठवली. ती हद्दीत शिरली मात्र, भोंगा वाजला आणि लालभडक खिडकी उघडली. सुनेनं वाचलं, "तुमची लढाऊ जहाजं विनापरवाना आमच्या हद्दीत घुसली आहेत. आम्ही तुमच्याविरुद्ध युद्ध पुकारत आहोत."

मी म्हटलं, "अग, सांग त्यास्नी, मदतीला आलोय!"

सांगायला वेळ कुठला? वटवाघळं आणि लुटारू आपलं भांडण विसरून दोघं मिळून आमच्या जहाजांवर तुटून पडली. चारच्या चार गेली. भांगलायला आलेल्या बाईच्या अंगावर कुत्रं सोडावं तसं झालं. माझा ताबा सुटला.

"असला कसला मेला शेजारी! आणि कारभारी बघ, आपल्याच घरातला चोर! आणि ह्या खिडक्या! दीड तास झाला, मला एक अक्षर कळलं न्हाय. जळ्ळा तो खेळ!"

सुनेनं माऊस सोडला आणि खुर्ची माझ्याकडं फिरवली. "आत्ता खरं बोललासा आत्ती. मघापासनं नुसतं छान छान चाललंय. आमटीत मीठ कमी पडलं तर पहिला घास गिळायच्या आधी बोलतासा, आणि आज एकदम सगळंच गोड? काय झालंय?"

आता काय लपवायचं? म्हटलं, "तू परत देशील म्हणून."

"मग दिला तर?"

"मग तू बॅच घेशील. आणि मी तुझ्या रिकाम्या खुर्चीकडं बघत शेंगा फोडत बसू व्हय?"

ती माझ्याकडं बघत राहिली. मग उठली आणि म्हणाली, "चहा ठेवते."

खेळ तसाच चालू ठेवून गेली. मी फोनकडं बघितलं. आकडे मला येतात. नऊ मिनिटं राहिली होती.

"अग, नऊ मिनिटं राहिली!"

स्वयंपाकघरातनं आवाज आला, "आलं किसते."

खेळ बंद करायची फुली कुठली, ते मला वर्षभर बघून माहीत होतं. माऊस हाताशी होता. हा खेळ तिचा, पैसे तिचे, निवड तिची. शहाण्या माणसानं फुली दाबून वेळ थांबवला असता. मी हात माऊसपर्यंत नेला, ते खरं. पण उचलला तो शेंगदाणा, तोंडात टाकला आणि पुन्हा हाक मारली. न मारल्याचं पाप तरी नको.

"चार मिनिटं ग!"

"दूध उतू जाईल, आत्ती!"

ती आली तेव्हा फोन वाजून वाजून गप्प झाला होता. दोन कप टेबलावर ठेवले आणि फोन उपडा केला. "आता परत देता येत न्हाय."

"तू मुद्दाम केलंस."

"आल्याचा चहा हाय. आल्याला वेळ लागतोय," ती म्हणाली आणि वटवाघळांचं काय करायचं ते विचारायला लागली. क्लासवाल्यांना तिनं दुसऱ्या दिवशी सांगितलं, पाचनंतरची बॅच असेल तर घेते.

मग मी म्हटलं, जगभरच्या लोकांनी मत दिलंय, आपणही देऊ. मी सांगितलं, तिनं 'माझ्या सासूचं मत' म्हणून इंग्रजी केलं. 'या खेळातल्या शेजाऱ्यांना पैरा कळत नाही. दारात आलेल्याच्या हातात खुरपं आहे की तलवार, एवढं तरी बघावं. कारभारी आगाऊ आहे. कुणी घेऊ नये.' पैरा समजावून सांगायला तिला सात ओळी लागल्या.

दोन दिवसांत उत्तरं आली. कुठल्या तरी लांबच्या देशातल्या माणसानं लिहिलं, आमच्या आजोळीसुद्धा हेच चालायचं, आता नाही चालत. मला बरं वाटलं आणि वाईटही. दुसऱ्यानं लिहिलं, आजी, हद्दीत जायच्या आधी परवानगी मागायचं बटण आहे, तिसऱ्या खिडकीत. आम्ही शोधलं, तर खरंच होतं. आता आधी विचारतो. वटवाघळं हो म्हणतात, गेल्या आठवड्यात त्यांनी आम्हाला धान्य पण दिलं. पण बटण दाबून विचारून गेलो तर तो पैरा कसला? तो अर्ज झाला. म्हणून मत मी बदललेलं नाही.

माझा मुलगा फाउंड्रीत आहे. परवा त्याला सुट्टी होती, आमच्या मागं उभा राहून बघत होता. आमच्या मताशेजारचा आकडा त्यानं मोठ्यानं वाचला. "दोनशे दहा तास! आणि खाली काय लिहिलंय, कुणी घेऊ नये? आई, लाज वाटती का काही?"

"बासुंदीत साखर कमीच हाय," मी म्हटलं. "आणि तू मधे बोलू नकोस. ह्या भागात पण मुरगूड पेटलंय."

"धान्य पाठवा म्हणून कालपासनं सांगतेय मी," सून म्हणाली, आणि माझी खुर्ची टेबलाजवळ ओढून घेतली.