आमदार सिस्टर

मतदारसंघातल्या निम्म्या लोकांना जगात आल्या आल्या पहिली चापट सिस्टरांनीच मारली होती. त्यांचे यजमान शिंपी. गिऱ्हाइकाचं माप घेता घेता ते म्हणायचे, "आणि तीच माणसं मोठी होऊन हिला मतं देतात. माणसाचा काही नेम नाही."

सिस्टर सरकारी दवाखान्यात बाळंतपणं करायच्या. दवाखाना नदीच्या एका काठाला आणि बरीचशी गावं दुसऱ्या काठाला. मधे एक होडी. एकदा होडी दवाखान्याच्या काठालाच अडकली आणि अडलेली बाई पलीकडच्या काठावर कण्हत बसली. सिस्टर कोळ्याच्या डगमगत्या नावेतून पलीकडे गेल्या आणि भिजल्या लुगड्यानिशी त्यांनी तिची सुटका केली. बाळ-बाळंतीण सुखरूप राहिली, पण सिस्टरांच्या डोक्यात पूल शिरला तो शिरलाच.

त्या तेव्हाच्या आमदारांकडे गेल्या. "बघू," ते म्हणाले. सिस्टर पुन्हा गेल्या, पुन्हा गेल्या. शेवटी आमदारांनी हात टेकले. "सिस्टर, एवढी घाई असेल तर तुम्हीच उभ्या राहा ना."

ते वैतागून बोलले होते. सिस्टरांनी मनावर घेतलं.

"नोकरी सोडावी लागेल," त्या घरी येऊन म्हणाल्या.

"सोड," यजमान दोरा ओवत म्हणाले. "घरी पुलावरून माझं डोकं खातेस, ते तिथे जाऊन त्यांचं खा."

पहिल्याच निवडणुकीत त्या निवडून आल्या. समोर उभे होते बाजारपेठेतले कापडवाले. शिंपीबुवांचं सगळं अस्तर त्यांच्याच दुकानातलं. प्रचार चालू असतानाही बुवा तिथेच जायचे. "अस्तर तुमचं घेतो, मत बायकोला देतो," असं तोंडावर सांगायचे आणि कापडवाले हसून मीटरभर कापड जास्तीचं मोजायचे.

सभागृहातल्या पहिल्या भाषणाला सिस्टर "अध्यक्ष महोदय" एवढंच म्हणून खाली बसल्या. भाषण आपलं काम नव्हे हे त्यांनी ओळखलं. मग त्या बाहेरच्या बोळात उभ्या राहू लागल्या. मंत्री दालनातून निघाले, की सिस्टर पुढे. काही मंत्री त्यांना पाहून जिना बदलायचे. मंत्री बदलले, सरकारं बदलली, सिस्टर तिथेच. तिसऱ्यांदा निवडून आल्यावर पूल झाला आणि पलीकडच्या बाया गाडीतून दवाखान्यात येऊ लागल्या.

पण पुलाकडे जाणारा रस्ता बाजारपेठेतून जात होता आणि तिथे रुग्णवाहिका अडकायच्या. रस्ता रुंद करायचा तर दुकानांच्या पायऱ्या आणि ओटे तोडावे लागणार. "निवडणूक होऊ द्या, मग तोडा," सगळे म्हणाले. सिस्टरांनी ऐकलं नाही. ओटे तुटले, त्यात कापडवाल्यांचाही होता. त्या वेळी सिस्टर पडल्या आणि कापडवाले आमदार झाले.

सुरुवातीला सिस्टरांना फार लागलं. फोन वाजेना, दारात चपला दिसेनात. यजमानांनी त्यांना काजं करायला बसवलं, तर त्यांनी एका सदऱ्याची सगळी काजं उलट्या बाजूला केली. बुवा तो सदरा स्वतःच घालून हिंडले.

मग एक दिवस कापडवाले घरी आले. खुर्चीत बसून बराच वेळ त्यांनी चहा ढवळला.

"सिस्टर, नवजात बाळांचा कक्ष मंजूर होत नाहीये. मला तिथे कुणी हिंग लावून विचारत नाही."

"कुठे अडलंय?"

"तेच तर कळत नाही. आणि आधीच सांगतो, पुढच्या वेळी मी तुमच्या विरोधात उभा राहणारच."

"राहा की. आधी बाळांचं बघू."

दोघं एकाच गाडीने राजधानीला गेले. हरलेली बाई जिंकलेल्याला बोळातून फिरवतेय, हे पाहून शिपायांनी डोळे चोळले. कुणाला सकाळी गाठायचं, कुणाला जेवणानंतर, हे सिस्टरांनी कापडवाल्यांना शिकवलं. काही महिन्यांत कक्ष उभा राहिला.

उद्घाटनाला कापडवाल्यांनी फितीची कात्री सिस्टरांच्या हातात दिली.

"कापड कापणं तुमचं काम," सिस्टर म्हणाल्या.

"पण नाळ कापायचा हात तुमचा," कापडवाले म्हणाले. शेवटी फीत दोघांनी मिळून कापली.

पुढच्या निवडणुकीत ते बोलल्याप्रमाणे उभे राहिले आणि पडले. सिस्टर त्यानंतर गुडघे साथ देत होते तोवर निवडून येत राहिल्या. त्या थांबणार म्हटल्यावर पक्षाची माणसं त्यांच्या मुलीकडे आली. ती पोहायला शिकवायची. "मला कुणी नाही म्हटलेलं सोसत नाही," ती म्हणाली. "आईला तर ते ऐकूच येत नाही." मग एका तरुण वकीलबाईंना तिकीट मिळालं आणि त्या निवडून आल्या.

आता दुपारी सिस्टर यजमानांच्या दुकानात बसतात. कापडवालेही येतात. कोपऱ्यातल्या टीव्हीवर सभागृहाचं कामकाज चालू असतं.

"वकील पोरगी छान बोलते," कापडवाले परवा म्हणाले.

"बोलते. पण बोळात दिसत नाही," सिस्टर म्हणाल्या. "उद्या फोन करून सांगते तिला."

"ते उद्या," शिंपीबुवा म्हणाले. "आत्ता दोघांनी एकेक टोक धरा. पडद्याचं कापड आहे, जमिनीला लागता कामा नये."

दोन माजी आमदार उठले आणि टोकं धरून उभे राहिले.