कुणीच न ऐकलेली हाक

कवठे येमाईच्या म्हस्कूआबांना एकच भीती होती. मरताना आई न्यायला येते, अशी त्यांच्या वस्तीत समजूत. आणि आबा आईची हाक विसरले होते, मग ती आली तरी ओळखणार कशी?

ती हाक मेंढरांची. धनगर रानोमाळ हिंडायचे तेव्हा दर घराची हाक निराळी असे. सांजेला कळप मिसळले की बायका हाक देत आणि मेंढरं आपापल्या घराची वाट धरत. पुरुषांनी हाक द्यायची नसे. आबांच्या आईनं, साळूबाईनं, ती लेकींना शिकवली, लेकाला नाही. पुढं वस्ती झाली, ऊस आला, कळप विकला. दारात चार मेंढ्या राहिल्या. तिन्हीसांजेला आबा बांधावर बसत. आईचा सूर कानात येई, शब्द येत नसे.

नात प्रगती पुण्याच्या कॉलेजात जर्मन शिकायची. दिवाळीला आली तेव्हा म्हणाली, "आबा, लोकरीला जर्मन ‘वोलऽ’ म्हणतात, इंग्रज ‘वुल’. या दोघी बहिणी. त्यांची आई ‘वुल्लो’, आपल्या संस्कृत ‘ऊर्णे’च्या नात्यातली. पण वुल्लो हा शब्द कुठं लिहिलेला नाही. पंडितांनी लेकींवरनं जुळवलाय. कुणी ऐकला नाही, म्हणून लिहिताना त्याच्याआधी चांदणीची खूण काढतात."

"म्हंजी मेलेली आई लेकींच्या तोंडात गावती?"

दुसऱ्या दिवशी आबा तिला घेऊन एस्टीनं बहिणींकडं निघाले.

यवतच्या आक्काबाई हसल्या. "मेंढरं गेली, दादा. आता हाक काय सुनंला मारू?" तरी म्हणाल्या, "टिर्रो, ये." वढूच्या अनसाबाईंनी जन्मभर सासरची हाक दिलेली, त्यांच्यापाशी माहेरच्या हाकेतलं नुसतं "टिरोव" उरलं होतं. प्रगतीनं एकीचा आरंभ घेतला, दुसरीचा शेवट.

घरी आल्यावर सांजेला तिनं बांधावरून हाक दिली, "टिर्रोव, ये."

चारही मेंढ्यांनी माना वर केल्या. प्रगतीकडं एकीनंही पाहिलं नाही. तोडणी झालेल्या उसाच्या मोकळ्या रानाकडं त्या टक लावून राहिल्या.

"पणजीची हाय का, आबा?"

"न्हाई. तिच्या सासूची असंल. न्हाईतर त्याच्याबी मागल्या कुणाची." आबांचा आवाज मात्र हलका झाला होता. "ही तिची न्हाई, एवढं मला कळलं. म्हंजी ती आली की कळंल."

पुन्हा हाक द्यायला प्रगतीनं तोंडाशी हात नेला, तसा त्यांनी तो धरला.

"नगं, पोरी. आई मला न्यायला येनार. ही कुनाला न्यायला येती, ठावं न्हाई."

मेंढ्या तोवर रानाकडं चालू लागल्या होत्या.