बंदराच्या रस्त्याचा अर्ज

माझ्या धाकट्या दिरांनी जन्मात एक गोष्ट तोंडानं मागितली नाही. जे हवं त्याचा अर्ज. एकदा आमटीला मीठ कमी पडलं, तर पानाशेजारी चिठी ठेवली: "विनंती अर्ज ऐसा जे, अर्जदाराची आमटी अळणी आहे, मेहेरबान वहिनीसाहेबांनी योग्य तो हुकूम करावा." मी मीठ वाढलं आणि म्हटलं, "मंजूर. जेवा आता." शेजाऱ्याचा कोंबडा फार लवकर आरवायचा, त्याबद्दल शेजाऱ्याला अर्ज, आणि त्याची एक नक्कल कोंबड्याच्या खुराड्याला चिकटवलेली. घरात वाचता येणारी बाई मी एकटी, तीही चार यत्ता. म्हणून सगळे मसुदे माझ्यापुढे यायचे, आणि चूल फुंकता फुंकता मला ते ऐकावे लागायचे.

त्यांचा सगळ्यात मोठा अर्ज कल्याण स्टेशनापासून बंदरापर्यंतच्या रस्त्याचा. हा रस्ता पक्का करायला गावच्या कमिटीकडे पैसा नव्हता, सरकारची ग्रँट हवी होती. भाऊजी कमिटीत होते. त्यांनी काठीनं एकेक खड्डा मोजला, त्याला नंबर दिला, खोली लिहिली. लोक हसायचे. मी हसले नाही. माझी जाऊ, भाऊजींची बायको, पहिलटकरीण, तिला पावसाळ्यात गाडीतून स्टेशनावर नेताना चाक रुतलं, ती गाडीतच बाळंत झाली आणि मूल गेलं. अर्ज तेव्हापासूनचा. ते कारण मात्र त्यांनी अर्जात कधी लिहिलं नाही.

पाचव्या वर्षी उत्तर आलं की ठाण्याहून साहेब स्वतः रस्ता बघायला येणार. गावात एकच धांदल. आता पाहुणा दारी येणार तर आपण काय करतो? त्या सकाळी मीच आळीतल्या बायका गोळा केल्या. खड्ड्यांत भाताचं तूस आणि राख भरली, वर माती थापली, स्टेशनापासून बंदरापर्यंत सगळा रस्ता शेणानं सारवला. कडेनं रांगोळीसुद्धा काढली. मला वाटलं, भाऊजी खूश होतील.

साहेब चालत आले, मागे मामलेदार, बाजूला पगडी घातलेले भाऊजी. साहेबांनी खाली बघितलं, मान डोलवली, काहीतरी बोलले. मामलेदार म्हणाले, "साहेब म्हणतात, आमच्या अंगणापेक्षा हा रस्ता चांगला. मदत कशाला हवी?"

भाऊजींनी रांगोळीकडे बघितलं. मग माझ्याकडे. तसली नजर मी पुन्हा कधी पाहिली नाही. पुढच्या क्षणी त्यांनी धोतराचा सोगा खोचला, "नंबर एक!" असं ओरडले आणि दोन्ही पायांनी सारवणावर उडी मारली. गुडघ्यापर्यंत आत! बाहेर निघाले, "नंबर दोन!" पुन्हा उडी. तूस उडून साहेबांच्या टोपीवर. मामलेदार ओरडतायत, "अहो, हे काय चालवलंय!" बायकांनी तोंडाला पदर लावले. मी तर हबकून रस्त्यातच बसले. हा माणूस मीठसुद्धा मोठ्यानं मागत नव्हता! नंबर चारला हाड मोडल्याचा आवाज झाला. भाऊजी खड्ड्यातूनच म्हणाले, "अजून सदतीस आहेत, साहेब."

साहेबांनी स्वतः काठी घातली आणि उरलेले खड्डे टोचून बघितले. ग्रँट मंजूर झाली. भाऊजींचा पाय मात्र कायमचा वाकडा राहिला. मी अपराधी तोंडानं दूध घेऊन गेले, तेव्हा म्हणाले, "वहिनी, सारवण छान केलं होतं हो."

रस्ता झाला त्या वर्षी जाऊ माहेरी निघाली, पुन्हा दिवस गेलेले. गाडी पाण्यासारखी सरळ चालली होती. भाऊजी पुढे, लंगडत, खाली बघत. गाडीवान म्हणाला, "बसा ना वो गारीत, खड्डं तं गेलं आता." ते बसले नाहीत. स्टेशन येईपर्यंत प्रत्येक पावलाला आधी काठीनं जमीन ठोकून बघत होते.