खालच्या मजल्यावरचं पोलिश गाणं

सॉफ्टवेअरवाल्यांच्या लोंढ्यात आम्ही टोकियोजवळ ग्योतोकुला राहायला आलो, तेव्हा खालच्या मजल्यावर एक जपानी आजोबा राहायचे. जिन्यात भेटले की आधी वाकायचे, मग हवेबद्दल एक वाक्य बोलायचे आणि ते खरं आहे ना, म्हणून आकाशाकडे बघायचे.

रविवारी सकाळी ते एकच रेकॉर्ड लावायचे. त्यांच्याकडच्या कुणा लोकप्रिय गायिकेनं म्हटलेलं, उड्या मारत जाणारं गाणं. "मूळचं पोलंडचं लोकगीत आहे," असं त्यांनी एकदा सांगितलं, जणू पोलंडची माफीच मागत होते.

आमच्या कुकरची शिट्टी व्हायच्या सुमारास गाणं थांबायचं. आम्हाला वाटायचं, ते तिथेच संपतं.

मग एकदा ते बिस्किटांचा डबा घेऊन दारात उभे. "माझ्या गाण्याचा तुम्हाला त्रास होतो. तुम्ही दर वेळी शिट्टी वाजवता, तरी मी पुढच्या रविवारी पुन्हा लावतो. माफ करा."

बायकोनं त्यांना आत नेऊन कुकर दाखवला. त्यांनी झाकण, शिट्टी, आतली डाळ नीट पाहिली आणि कुकरलाही वाकून नमस्कार केला.

पुढच्या रविवारी शिट्टी झाली आणि गाणं चालूच राहिलं. शेवटच्या ओळीनंतर ती बाई चक्क हसते, हे आम्हाला तेव्हा कळलं.