पोवळ्याला बहार आला

माझ्या नवऱ्यानं सारी नोकरी अमरावतीच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवण्यात घालवली. पोवळ्यांचा धडा आला की सर रंगात यायचे. भित्ती कशी तयार होते, बेट कसं बनतं, सगळं फळ्यावर असं काढायचे की मागच्या बाकावरच्या पोट्ट्यांनाही खारी हवा लागावी. खुद्द सरांना ती हवा दोनदाच लागली होती, तीही सहलीची पोरं मोजता मोजता. त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिलेलं पोवळं म्हणजे प्रयोगशाळेतल्या कपाटातला एक फांद्यांचा तुकडा. पांढराफट्ट. तो टेबलावर यायचा, पोरं त्याची आकृती काढायची आणि तास संपला की तो परत कपाटात जायचा.

पोटच्या पोरानं मात्र त्यांची विद्या कधी मागितली नाही. घरात प्राणिशास्त्राचे सर असताना या बहाद्दरानं अकरावीत बायोलॉजीची ट्यूशन दुसरीकडे लावली. ‘बाबा फार खोलात जातात, परीक्षेत तेवढं येत नाही,’ हे कारण. पुढे तो डॉक्टर झाला, अकोल्याला जठारपेठेत खाली दवाखाना आणि वर घर बांधलं, आणि दोन वर्षांपूर्वी हॉलमध्ये ही भलीमोठी काचेची टाकी बसवली. खाऱ्या पाण्याची. आत जिवंत पोवळी आणि चार मासे. ज्या गावात लोक नळाच्या पाण्याची पाहुण्यासारखी वाट पाहतात, तिथं यानं समुद्र आणून ठेवला. हौसेला मोल नाही म्हणतात ते असं.

मे महिन्यात मुलगा, सून आणि नात पंधरा दिवस परदेशात फिरायला निघाले. मुलाचा फोन आला. “बाबा, तुमी अन् आई येऊन राहता का इथं? टाकीकडे लक्ष द्या लागते. अन् तुमाले तर त्यातलं सगळं माहीतच आहे.”

त्या शेवटच्या वाक्यानं आमच्या घरात काय झालं ते मलाच ठाऊक. पोराला ते सहज बोलणं होतं, पण ह्यांनी ते वाक्य चार दिवस चघळलं. भाजी आणायला गेले तरी कोणाला तरी सांगून आले. जुन्या नोट्स काढल्या, भिंग काढलं, आणि माझ्या साड्यांच्या बॅगेत सगळ्यात वर ते ठेवलं. इतक्या वर्षांनी ह्यांना मुलाच्या तोंडून ‘तुम्हाला माहीत आहे’ ऐकायला मिळालं होतं, आणि ते खरं करून दाखवायचं होतं. मला ह्यांच्याकडे पाहून हसू येत होतं आणि वाईटही वाटत होतं.

मुलानं जाताना सगळं समजावून दिलं. माशांना एवढंच खायला घाला, पाणी कमी झालं तर या कॅनमधलं घाला, आणि टाकीखाली ही जी पेटी आहे तो चिलर. तो पाणी थंड ठेवतो. “त्याच्या बटनाले कोणी हात लावू नका. फांद्यांचं ते पोवळं नाजूक आहे, दोन वर्षं जपलं मी.” ह्यांनी भिंगातून त्या फांद्या पाहिल्या. हिरवट-तपकिरी, टोकांना जांभळी. “मातकट आहे जरा,” म्हणाले. मुलगा गाडीच्या घाईत होता, त्याला ऐकू गेलं नाही.

आता चिलरचं काम असं, की पाण्यातली गरमी उपसायची आणि हॉलमध्ये सोडायची. सोफा त्याच्या समोर, आणि दुपारची झोप सोफ्यावरच व्हावी हा ह्यांचा जुना धर्म. बाहेर अकोल्याचं ऊन, आत पायाशी भट्टी. दुसऱ्याच दुपारी ह्यांनी बटण बंद केलं. मी म्हटलं, “अवो, तो नाही म्हणून गेला नं?”

“प्रवाळ हा उष्ण कटिबंधातला प्राणी आहे,” हे म्हणाले. “हा डॉक्टर त्याले हिवाळा दाखवून राहिला. मूलभूत गोष्ट माहीत नाही.”

झालं. रोज जेवणं झाली की चिलर बंद, सांजच्याला चहा झाला की चालू. शास्त्राधार घेऊन झोपणारा माणूस फार गाढ झोपतो.

आठवडाभरात फांद्या फिक्या पडायला लागल्या. आधी टोकं, मग खालपर्यंत. जसजसं ते पांढरं होत गेलं, तसतसा ह्यांचा चेहरा उजळत गेला. एका सकाळी मला हात धरून टाकीपुढे उभं केलं. “पाह्य, आता कसं पोवळ्यासारखं दिसून राहिलं. स्वच्छ. आधी शेवाळ धरलं होतं त्यानं.” लगेच फोटो काढून रिटायर्ड झालेल्या प्राणिशास्त्राच्या मास्तरांच्या ग्रुपवर टाकला. वऱ्हाडातल्या सगळ्या कॉलेजांतली विद्वत्ता त्या ग्रुपवर आहे. त्या विद्वत्तेनं अंगठे दाखवले, हात जोडले, फुलं पाठवली. एकानं लिहिलं, ‘सुंदर नमुना, सर.’ दुसऱ्यानं विचारलं, ‘रंग इतका शुभ्र कसा राखला?’ ह्यांनी त्याला उत्तर लिहायला अर्धी सकाळ घालवली. सगळ्यांनी आयुष्यभर तेच कपाट पाहिलेलं, तर दुसरं काय लिहिणार?

त्याच दिवशी माझा भाऊ मोर्शीहून एका लग्नाला आला होता, तो जेवायला घरी आला. त्याचं सारं आयुष्य संत्र्याच्या बागेत गेलं. दुपारच्या बंद चिलरचं ऐकून टाकीपुढे कमरेवर हात ठेवून बराच वेळ उभा राहिला आणि निदान केलं. “भाऊजी, हे ताणावर आहे.” संत्र्याचं पाणी काही दिवस तोडतात, झाड मलूल होतं, पानं गाळतं, मग पाणी सोडलं की पांढऱ्या फुलांनी भरून जातं, तो बहार. “हे पांढरं दिसते तो बहारच होय. तुमी दुपारचा ताण देऊन राहिले नं, तो मानवला त्याले.”

हे हसले. बागाईतदारानं प्राण्याला झाड समजावं याची त्यांना गंमत वाटली. तरी जेवताना म्हणाले, “उपमा म्हणून वाईट नाही.” मी दोघांना पोळ्या वाढत होते. जन्माचा मास्तर आणि जन्माचा शेतकरी, दोघांत एका मरत्या जीवाचं असं कौतुक चाललं होतं की मला वाटलं, माझंच काहीतरी चुकत असेल.

पण मला ते बरं दिसत नव्हतं. बाजूचं दुसरं पोवळं रोज बोटं पसरून डोलायचं, ते मूठ मिटून बसलं होतं. मासे वर येऊन तोंडं उघडत होते. मी तसं म्हटलं, तर ह्यांचं ठरलेलं उत्तर, “तुले काय समजते त्यातलं?” संसारात हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता त्याचा राग येत नाही, जोर येतो. मी फोटो काढून मुलाला पाठवला.

दहा मिनिटांत व्हिडिओ कॉल आला. मुलाच्या मागे बर्फाचा डोंगर होता.

“बाबा, हे ब्लीच होऊन राहिलं. पाणी गरम झालं का? थर्मामीटर दाखवा बरं.”

ब्लीच. प्रवाळांचे विरंजन. ‘टीप लिहा’ म्हणून पाच मार्कांना हा प्रश्न ह्यांनी स्वतः कितीदा काढला होता. पाणी तापलं की पोवळं आपल्या अंगातलं शेवाळ बाहेर टाकतं, तेच शेवाळ त्याचा रंग आणि तेच त्याचं जेवण, हे मला स्वयंपाकघरात ऐकून ऐकून पाठ झालं आहे. ह्यांच्या चेहऱ्यावर आधी ते उत्तर आलं आणि मग त्याचा अर्थ. पोवळ्याला सव्वीस लागतं, थर्मामीटरवर एकतीसच्या पुढे होतं.

“चिलर चालू नाही का?” मुलानं विचारलं.

हे माझ्याकडे न पाहता म्हणाले, “लाइट गेली होती रे. दुपारची रोजच जाते.”

आयुष्यभर पोरांच्या थापा ज्या माणसानं पहिल्या वाक्यात पकडल्या, त्याला यापेक्षा बरी थाप सुचली नाही. खाली दवाखाना आहे. तिथं ऑपरेशनं होतात. लाइट गेली की सगळ्या इमारतीला जनरेटर आपोआप लागतो, पंखासुद्धा पुरता थांबत नाही. तो जनरेटर मुलानंच बसवलेला.

मुलानं डोक्यावरची टोपी नीट केली. मग म्हणाला, “हो बाबा. गेली असन.”

पुढचं सगळं त्यानं शांतपणे सांगितलं. चिलर लावा, पण पाणी हळूहळू उतरू द्या. वरचा दिवा कमी करा. पांढरं झालं म्हणजे मेलं असं नाही, फांद्यांवर बारीक सोंडा बाहेर येतात का ते भिंगानं पाहा. येत असतील तर जीव आहे.

हे स्टूल घेऊन टाकीपुढे बसले. झोप नाही, ग्रुप नाही. संध्याकाळी मला हाक मारली आणि भिंग माझ्या हातात दिलं. पांढऱ्या फांदीवर काचेसारखे बारीक बारीक तुरे हलत होते, दिसतील न दिसतील असे. “जिवंत आहे,” म्हणाले. पस्तीस वर्षं ज्याची आकृती काढली ते ह्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

मुलगा परत आला. निम्म्या फांद्या गेल्या होत्या, त्या त्यानं छाटून काढल्या. उरलेल्यांना बुडाशी मातकट रंग परत धरत होता. आमच्यासाठी चॉकलेटं आणली होती. आम्ही निघताना वाकून पाया पडला आणि म्हणाला, “बाबा, पुढच्या वेळी मी एक माणूस ठेवतो टाकीसाठी. तुमाले उगीच त्रास.”

अमरावतीच्या बसमध्ये हे खिडकीबाहेर पाहत होते. बडनेरा आलं. मग एकदम म्हणाले, “गोड खाऊन नाही म्हणते त्या शुगरवाल्या पेशंटले कसा झापते तो, ऐकलं नं तू खालून? म्हाताऱ्यायलेही सोडत नाही.”

“ऐकलं,” मी म्हटलं.

“मले नाही झापलं त्यानं.”