दादाच्या खाटेखालचे दगड

महिना होत आला. वहिनीचा फोन आला तेव्हा मी किकवीला एसटीची वाट बघत होतो. छातीत कळ आली आणि दादा गेला, एवढंच ती बोलली. मला रडू आलं नाही. हात आपोआप उजव्या नडगीवर गेला, त्यानंच फोडलेल्या.

वसंतदादा माझा थोरला चुलतभाऊ. भोंगवलीत आमची वावरं लागून, त्यामुळे सोयाबीनची मळणीही एकत्र. मशीनच्या तोंडात ओलं काड अडकलं की पायानं रेटायचं, ही आमच्याकडची जुनी खोड. काही वर्षांपूर्वी ऐन मळणीत आभाळ भरून आलं होतं. दादा मशीनवर, मी ट्रॅक्टरवर. काड अडकलं, दादा काठी शोधायला वळला आणि मी ओरडलो, "काठी कशाला हुडकतोस? रेट की पायानं." त्यानं रेटलं. ड्रमनं उजवा पाय ओढला, सावरायला डावा टेकवला, तोही गेला. हाडं मोडताना इंजिनाच्या धडधडीतही ऐकू आली. भुसा लाल पडायला लागला. ट्रॅक्टर बंद करायचं सोडून मी नुसता बघत राहिलो... किती वेळ, देव जाणे.

दोन्ही पाय गुडघ्याच्या वर कापावे लागले. घरी आलेला दादा वेगळाच होता. बसवून दिलेले कृत्रिम पाय त्यानं अंगणात आपटून फोडले, वहिनीच्या अंगावर भरलं ताट भिरकावलं. ते ताट खरं माझ्यासाठी होतं, असं मला वाटायचं. पण हे कसं झालं असं कुणी विचारलं तर "माझीच अक्कल चरायला गेली हुती," असं दादा सांगायचा. माझं नाव त्यानं कधी घेतलं नाही. मीही घेतलं नाही, भित्राच मी.

पुढच्या मळणीला त्यानं खळ्यावर खाट टाकून घेतली आणि खाटेखाली दगडांचा ढीग. मशीनकडे कुणी पाय उचलला की दगड सुटायचा, शिवीसकट. सवयीनं मीही उचलला. नडगी फुटली, चप्पल रक्तानं भरली. तसाच लंगडत खाटेपाशी गेलो.

"दादा, त्या दिवशी म्याच म्हणलं हुतं."

"ठावं हाय," दुसरा दगड हातात घेत तो म्हणाला. "म्हणून तर तुझ्यावर जास्ती ध्यान असतंय. जा, काठी घे."

परवा त्याच्याविना पहिली मळणी झाली. खाट भिंतीला उभी केलेली, दगड होते तिथंच. काड अडकलं, घाईत माझा पाय वर गेला... आणि दगडाची वाट बघत मी तसाच उभा राहिलो.