कोरा तुकडा

श्रीपादअण्णा गेल्याची बातमी आमच्या सरांनीच ग्रुपवर टाकली. खाली जोडलेल्या हातांची रांग लागली, त्यात माझेही दोन. आठवड्याने शोकसभेत सर म्हणाले, "अण्णा आमच्या लॅबचा कणा होते." तो कणा यांनीच मोडला होता, पण जीभ जराही अडखळली नाही.

अण्णा बसवनगुडीचे. घराणं कित्येक पिढ्या बेंगळुरूत, त्यामुळे मराठीत अधूनमधून कन्नड. हुद्दा टेक्निशियनचा. आमचा अभ्यास अभ्रकासारख्या पापुद्र्यांच्या स्फटिकांचा: चिकटपट्टीने सोलत सोलत अगदी अणूएवढा पातळ थर काढायचा आणि त्यात चुंबकत्व उरतं का ते मोजायचं. ते सोलणं अण्णांसारखं कुणालाच जमलं नाही. थर उचलायला ते स्वतः तासलेला बांबूचा चिमटा वापरत. सरांना तो गावंढळ वाटे. पाहुण्यांसमोर शोभावेत म्हणून त्यांनी चकचकीत पोलादी चिमटे मागवले... आणि महिन्याभरात आम्हाला 'शोध' लागला: इतक्या पातळ थरातही चुंबकत्व उरतं.

"मॅडम, स्वल्प इकडे बघा," अण्णांनी एकदा मला बोलावलं. ज्यावर थर ठेवून मोजायचो तो सिलिकॉनचा तुकडा, पण कोरा, त्यांनी पोलादी चिमट्याने नुसता उचलून यंत्रात ठेवला होता. त्यावर थर नव्हताच, तरी पडद्यावर हुबेहूब तेच चुंबकत्व. "चिमट्याचं लोखंड लागतंय. तुम्ही सांगा सरांना, माझं ऐकणार नाहीत."

मी सांगितलं. सर हसले. "आता टेक्निशियन आपल्याला फिजिक्स शिकवणार?" मीही हसले. शोधनिबंध छापून आला, त्यात दुसरं नाव माझं.

इतरांना तो निकाल मिळेना, तेव्हा निबंध मागे घ्यावा लागला. चौकशीत सरांनी 'नमुने बनवताना टेक्निशियनचा हलगर्जीपणा' म्हणून हात झटकले. समितीने मला विचारलं, "तुम्हाला काही सांगायचंय?" मी नाही म्हटलं. अण्णांना भांडारात टाकलं. निवृत्त होईपर्यंत ते तिथे काचसामान देत बसले. जिन्यात भेटले की मात्र "ऊट आयता, मॅडम?" म्हणून माझ्या जेवणाची चौकशी करत. त्या प्रश्नाची मला इतकी लाज वाटायची की मी लिफ्टने जाऊ लागले.

सरांची मला किळस येते, ती त्या सभेत जास्तच आली. पण ते खोटं बोलले ते निव्वळ सवयीने. मी गप्प बसले ती सगळं ठाऊक असून, आणि ते अधिक हलकट.

तो कोरा तुकडा अण्णांनी दाखवला त्याच दिवशी डबीत घालून मला दिला होता. "असू द्या, लागेल कधीतरी." डबीवर त्यांच्या बारीक अक्षरात लिहिलंय: 'कोरा. पोलादी चिमटा.' ती अजून माझ्या खणात आहे. चौकशीच्या दिवशी ती माझ्या पर्समध्ये होती.